जव्हारच्या राजाचा बाप कोण?

(शहापूर येथील माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण. बोललो त्यात थोडी भर घालून, दोन-तीन विनोद गाळून स्मरणिकेसाठी लिहून दिले आहे.)



संयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिला आहे, ‘निवृत्तीनंतर सध्या काय करतो’. गुडघे दुखतात, नाचणी लावतो, नातवाला शाळेत सोडतो, एवढ्यात तो संपला असता. पण मी सध्या एक जुना गृहपाठ करतोय. नववीतला. चाळीस वर्षांहून जास्त उशीर झालाय. ज्यांनी तो दिला होता ते इतिहासाचे सर समोर पहिल्या रांगेत बसलेत, म्हणून आज बोलण्याची सोय आहे.

तुमच्यातले निम्मे लोक मला अजून ‘राजे’ म्हणतात. मघाशी जेवणाच्या रांगेतही कुणीतरी मागून ओरडलं, “राजे, वाढा की!” हे नाव कसं पडलं ते काहींना आठवत असेल, काहींना नसेल. आपली सहल नाणेघाटाला गेली होती. एसटीने वैशाखऱ्यापर्यंत आणि तिथून चढून. मुरबाडकडच्या पोरांना त्या घाटाचं काही नव्हतं, त्यांची गुरं तिथे चरायची. वर गुहेत सरांनी आपल्याला मागच्या भिंतीवरची अक्षरं दाखवली. दोन हजार वर्षांपूर्वी तिथे सातवाहन राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती कोरल्या होत्या. सिमुक, राणी नागनिका, राजा सातकर्णी, एक महारठी, काही राजकुमार. मूर्ती फुटून गेल्या, पायांच्या खुणा तेवढ्या उरल्या, पण डोक्यावर कोरलेली नावं अजून वाचता येतात. सर म्हणाले, “हा महाराष्ट्रातला सगळ्यात जुना कौटुंबिक फोटो.” मग सोमवारी वर्गात त्यांनी विचारलं, तुमच्यापैकी कुणाच्या घरात पाच पिढ्यांची नावं माहीत आहेत?

मी हात वर केला. माझी आजी सर्वपित्रीला दारात उभी राहून पाच नावं घ्यायची, ती मला पाठ होती. ती मी म्हटली, आणि वर आजीचं वाक्यही जोडलं की, आम्ही मूळचे जव्हारच्या मुकणे राजांच्या भावकीतले. वर्ग हसला. डोळखांबकडच्या पाड्यावरचा, वसतिगृहात राहणारा, एका चड्डीवर वर्ष काढणारा मुलगा राजाच्या भावकीतला! त्यातून कुणीतरी म्हणालं की राजा कोळी कसा असेल, राजे रजपूत नाहीतर मराठा असतात. सर मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, “असेलही. तू आधी एवढं शोधून काढ की जव्हारच्या पहिल्या राजाचा बाप कोण. मग तुझ्या आजीकडे येऊ.”

सर, तो गृहपाठ हा.

नोकरीत असताना मला तसा वेळ मिळाला नाही. तलाठी म्हणून लागलो, मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झालो. आयुष्यभर लोकांच्या वारसनोंदी केल्या. अमुक मयत, त्याला वारस तीन मुलं, दोन मुली, एक विधवा. त्यामुळे वंशावळ म्हटलं की मला ती फेरफारासारखीच दिसते. कोणी सांगितलं, कशावरून सांगितलं, हरकत आली का, असे प्रश्न आधी डोक्यात येतात. हाच हिशेब मी जव्हारला लावला.

सगळ्यात हाताशी असलेला कागद म्हणजे १८८२ चा ठाणे जिल्ह्याचा गॅझेटियर. त्यात जव्हारची हकिगत आहे. जयबा मुकणे हा पहिला राजा. थळ घाटाजवळ मुकणे म्हणून गाव आहे, तिथे त्याची मातीची गढी होती. पिंपरीच्या देवस्थानाला गेला असता पाच भिक्षेकऱ्यांनी त्याला आशीर्वाद दिला आणि ‘जव्हारचा राजा’ म्हणून मुजरा केला. मग त्याने माणसं जमवली, पेठ-धरमपूरकडे गेला, सुरतेला गेला, पुढे काठेवाडात सात वर्षं राहिला. परत आला तेव्हा जव्हारवर वारली राजा होता. जयबाने त्याच्याकडे बैलाच्या एका कातड्यात मावेल एवढी जमीन मागितली. वारली ‘हो’ म्हणाला. जयबाने कातड्याच्या बारीक वाद्या कापल्या, त्या एकमेकींना जोडल्या आणि त्या दोरीने सगळं जव्हार वेढून टाकलं. वारल्याला गंभीरगडाकडचा मुलूख दिला. त्यानंतर मुलगा धुळबाराव गादीवर आला. त्याला दिल्लीच्या सुलतानाने, म्हणजे महंमद तुघलकाने, राजा म्हणून मान्यता दिली आणि तो नेमशहा झाला. ती तारीख ५ जून १३४३. जव्हार संस्थानात या दिवसापासून स्वतंत्र शक मोजला जाई. तेव्हा त्यांच्याकडे बावीस किल्ले आणि नऊ लाखांचा मुलूख होता म्हणतात, म्हणजे आजच्या ठाणे-नाशिकचा मोठा भाग. पुढे हळूहळू तो आटत गेला. १६७२ मध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी जव्हार घेतलं, नंतर पेशवाईत आणखी लचके तुटले. तरी घराणं टिकलं, ते थेट १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत. सहाशे वर्षं एका घरात गादी! आपल्या मुलखात दुसरं असं उदाहरण मला तरी माहीत नाही.

आता यात बाप कुठे आहे? नाही. मी जे जे कागद पाहिले त्यात जयबाचा मुलगा आहे, नातू आहे, पुढचे सगळे पतंगशहा, विक्रमशहा आहेत. जयबाच्या वर कोणीच नाही.

तलाठ्याच्या भाषेत सांगायचं तर मूळ खातेदाराची नोंदच नाही, थेट फेरफारापासून खातं सुरू होतं. आणि तो फेरफारसुद्धा बैलाच्या कातड्याचा! इथे मी जरा अडकलो, कारण लहानपणी ही गोष्ट ऐकून मला जयबाची हुशारी फार आवडायची. मग एकदा माझ्या मुलीने तिच्या पुस्तकातली गोष्ट वाचून दाखवली. आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यावर डायडो नावाच्या राणीने असंच बैलाचं कातडं कापून कार्थेज शहराची जागा मिळवली. रोमन कवी व्हर्जिलने हे दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय. इंग्लंडात हेंगिस्ट नावाच्या सरदाराबद्दलही बाराव्या शतकातल्या एका पुस्तकात हेच सांगितलंय. म्हणजे ही गोष्ट जव्हारची नाही, जगभर फिरणारी आहे. ज्याला जमीन कशी मिळाली ते सांगायचं नसतं, त्याच्या पदरात ती पडते. वारल्यांना विचारलं तर ते काय सांगतील, याचा मी पुष्कळदा विचार करतो. त्यांची हरकत कोणी नोंदवलेली नाही.

काठेवाडातली सात वर्षंही मला तशीच वाटतात. राजा झाला की तो इथलाच असून चालत नाही, त्याला लांबून यावं लागतं. आपल्या अंबरनाथच्या देवळात शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा, शिलाहार राजा मुम्मुणीचा लेख आहे. ठाण्यात चार शतकं राज्य करूनही हे शिलाहार स्वतःला तगरपूरचे, म्हणजे धाराशिवकडच्या तेरचे, अधिपती म्हणवायचे आणि वंश नेऊन भिडवायचे जीमूतवाहन विद्याधराला! त्यापुढे काठेवाड काहीच नाही.

माझा भाचा वेल्समध्ये कार्डिफला नोकरीला आहे. त्याला हा नाद सांगितला तर तो म्हणाला, “मामा, इथे हेच चालतं.” त्याने मला तिकडची माहिती पाठवली. दहाव्या शतकात तिकडे हवेल नावाचा राजा होता, कायदे करणारा म्हणून प्रसिद्ध. त्याच्या मुलाची, ओवेनची, वंशावळ त्या काळातच लिहिलेली आहे. वर वर चढत ती एका ॲना नावाच्या बाईपाशी थांबते, आणि शेजारी लिहिलंय की ही कुमारी मेरीची चुलत बहीण असं म्हणतात. ‘असं म्हणतात’ हे लिहिणाऱ्याने प्रामाणिकपणे घातलंय, त्याबद्दल मला त्याचं कौतुक वाटतं. तिकडे जमिनीतला वाटा आणि खून झाल्यास द्यायची भरपाईसुद्धा नात्याच्या पायऱ्या मोजून ठरायची, म्हणून सामान्य माणसालाही पिढ्या पाठ असायच्या. आडनावं नव्हतीच. नावापुढे ‘अॅप’ म्हणजे ‘चा मुलगा’ आणि पुढे बापाचं नाव. आपल्या जुन्या कागदांत ‘बिन’ आणि ‘वलद’ असतं, अगदी तसं. पुढे ‘अॅप राइस’चा प्राइस झाला आणि ‘अॅप हवेल’चा पॉवेल. आपल्याकडे गावाचं आडनाव झालं. मुकणे गावचा तो मुकणे.

मुकण्याला मी मुद्दाम जाऊन आलो. आसनगावहून कसारा लोकल, तिथून जीपने घाट चढून इगतपुरी-घोटीच्या पुढे. आता लोकांना मुकणे म्हटलं की धरण माहीत असतं, नाशिकला पाणी जातं ते. गढीची चौकशी केली. एका म्हाताऱ्या बाबांनी एका उंचवट्याकडे हात केला, दुसऱ्यांनी दुसऱ्याकडे. दोघांचं तिथेच भांडण लागलं. मी चहा पाजून परतलो. पण एक गोष्ट तिथे उभं राहिल्यावर कळते, ती कागदावर कळत नाही. तिथून घाट उतरला की खाली आपलं शहापूर, बाजूला मोखाडा-जव्हार, पाठीमागे नाशिकची वाट. कोकणात उतरणाऱ्या मालावर नजर ठेवायला यापेक्षा चांगली जागा नाही. मला वाटतं जयबाचा बाप घाटावरचा नाईक असावा, जकात आणि चौकी सांभाळणारा.

हा निव्वळ माझा तर्क आहे, पण अगदी हवेतला नाही. त्याच काळात, १३२७-२८ च्या सुमारास, महंमद तुघलकाने कोंढाण्याला वेढा घातला होता. किल्ल्यावर नाग नायक नावाचा कोळी सरदार होता. त्याने आठ महिने किल्ला लढवला. फारसी तवारिखांत हे आलंय. देवगिरीचे यादव संपले, पण डोंगरातले हे नाईक आपापल्या गडांवर होतेच. दिल्लीच्या लक्षात आलं असणार की प्रत्येकाशी आठ-आठ महिने लढण्यापेक्षा एखाद्याला ‘राजा’ म्हणून टाकणं स्वस्त पडतं. नेमशहाच्या किताबाचा अर्थ मी असा लावतो.

वर्गात जो म्हणाला होता की राजा कोळी कसा असेल, त्यालाही एक उत्तर द्यायचंय. (तो आज आलाय, मी नाव घेत नाही, तो घाबरलाय.) गॅझेटियरमध्ये जयबाला ‘पौपेरा’ असं दुसरं नाव दिलंय. इंग्रज साहेबाच्या स्पेलिंगवरून मराठीत लिहिणाऱ्यांनी ते तसंच उतरवलं, आणि कुणालाच त्याचा अर्थ लागेना. मी एकदा अकोले तालुक्यात गेलो होतो. तिथे पाटीवर आडनाव वाचलं, ‘पोपेरे’. बियाण्यांची बँक करणाऱ्या, पद्मश्री मिळालेल्या राहीबाई पोपेरे त्याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या, हे तुम्हाला ठाऊक आहेच. पोपेरे हे महादेव कोळ्यांतलं आडनाव आहे. साहेबाचा पौपेरा म्हणजे आपला पोपेरा असेल, तर पाच भिक्षेकऱ्यांच्या आशीर्वादापेक्षा तो एक शब्द मला जास्त भरवशाचा वाटतो. गोष्ट रचणारा माणूस काठेवाड घालतो, रजपूत घालतो. पोपेरा कशाला घालील?

इथपर्यंत राजाचं झालं. आता आजीचं.

२०१२ मध्ये माझी मुलगी बारावी झाली आणि जात पडताळणी लागली. आपल्यापैकी ज्या घरांत आदिवासी दाखला आहे त्यांना ही काय चीज आहे ते सांगायला नको, इतरांसाठी सांगतो. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा एक मोठा निकाल आला, तोही महादेव कोळी असल्याच्या दाव्याबद्दलचाच. त्यातून पडताळणी समित्या, दक्षता पथक हे सगळं आलं. १९५० च्या आधीचा कागद सगळ्यात वजनदार. असा कागद गरिबाच्या घरात कुठून येणार? तो असतो शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये, बाप शाळेत गेला असला तर.

माझे वडील १९४६ मध्ये गावच्या शाळेत गेले. त्यांच्या नोंदीत जातीच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘हिंदू कोळी’. दाखल करून घेणाऱ्या मास्तरांना घाई असेल, किंवा त्यांना कोळी म्हटलं की समुद्रावरचे तेवढेच माहीत असतील. दोन शब्द लिहून ते बदलून गेले. सहासष्ट वर्षांनी त्या दोन शब्दांवर माझ्या मुलीचं वर्ष गेलं. प्रवेश हातचा गेला. मी स्वतः महसूल खात्यातला माणूस, लोकांचे दाखले तपासून पुढे पाठवणारा, आणि माझ्याच घरात कागद नव्हता. मुलीने मला एकदाच विचारलं, “बाबा, आपण राजाच्या भावकीतले ना?” तिने ते टोचून विचारलं नव्हतं. मला मात्र फार लागलं.

मग मी सुट्ट्या टाकून शोधायला लागलो. आजीची पाच नावं घेऊन अभिलेख कक्षात बसलो. इंग्रजांच्या पहिल्या मोजणीच्या कागदांत पाचवं नाव सापडलं. ‘बिन’ लावून त्याच्या बापाचंही नाव होतं, म्हणजे आजीपेक्षा एक पिढी वर. आजीने घेतलेल्या नावांत एकही चूक नव्हती. ती कधी शाळेत गेली नव्हती. पण पडताळणीसाठी त्याचा उपयोग नव्हता, तिथे जात लिहिलेली नव्हती. शेवटी कागद मिळाला तो वडिलांच्या चुलतभावाचा. दुसऱ्या गावची शाळा, १९३९ सालची नोंद, वाळवीने अर्ध्यावर खाल्लेलं पान. रकान्यात ‘म. कोळी’. त्या ‘म’च्या पुढचं टिंब मी भिंगातून पाहिलं. तिथल्या मुख्याध्यापक बाई माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “भाऊ, आधी पाणी प्या.”

दक्षता पथकाचे लोक घरी आले. वाघबारस कशी करता, लग्नात काय करता, कुलदैवत कोणतं, सगळं विचारलं. माझी आई तेव्हा होती. तिने वाघबारशीचं सांगायला सुरुवात केली ती थांबेचना. शेवटी ते साहेबच म्हणाले, “आजी, पुरे.” वैधता मिळाली. अशा परीक्षेलाच सगळं मानू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ठाकूर समाजाच्या प्रकरणात सांगितलं. आपल्या मुरबाड-शहापूरच्या ठाकूर मंडळींना त्याचा उपयोग झाला असेल. माझ्या मुलीचं वर्ष मात्र त्याच्या आधीचं.

तेव्हा सर, निकाल असा. माझी वंशावळ सहा पिढ्यांवर थांबते, साधारण १८६० पाशी. जव्हारच्या राजांची वरून खाली येते, पण त्यांतली कुठलीही फांदी डोळखांबकडे वळल्याचा कागद मला मिळालेला नाही. मधली पाचशे वर्षं कोरी आहेत. आजीचं वाक्य मी खोटं म्हणत नाही, खरंही म्हणू शकत नाही. फेरफार असता तर मी ‘पुराव्याअभावी नामंजूर’ असा शेरा मारून सही केली असती. मला ‘राजे’ म्हणायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

आणि मूळ प्रश्न, राजाचा बाप कोण? त्याचं नाव सापडलं नाही. घाटावरचा नाईक, पोपेरा कुळीचा, एवढं मी पेन्सिलीने लिहिलंय.

एक विनंती मात्र शाळेच्या मंडळींना करायची आहे, कारण माईक पुन्हा हातात येणार नाही. आपल्या शाळेतल्या जुन्या रजिस्टरांचं कपाट मी सकाळी पाहिलं. जिन्याखाली आहे, आणि भिंतीला ओल आहे. आपण वर्गणी काढून प्रवेशद्वाराला कमान बांधायचं ठरवतोय. माझे पैसे कमानीला घेऊ नका. त्यात एक स्कॅनर येतो आणि एक लोखंडी कपाट येतं. स्कॅन करायला मी येऊन बसेन, आठवड्यातून दोन दिवस, मंगळवार आणि शुक्रवार. कुणाला सोबत यायचं असेल तर जेवणाचा डबा आणा.

सर, गृहपाठाची वही तुमच्या खुर्चीजवळ ठेवतोय. अठ्ठेचाळीस पानं आहेत. लाल पेन मी आणलाय.